सत्ताविसावी वही

३ फेब्रुवारी

दैनंदिनी लिहिण्याची मला सवय नाही. तर्कशास्त्र शिकवण्यात अडतीस वर्षे गेली. त्या काळात टिपणे लिहिली, परीक्षणे लिहिली, इतरांच्या युक्तिवादांतील भगदाडे दाखवणारे लेख लिहिले; स्वतःविषयी काही लिहिले नाही. जेथे तपासणारा आणि तपासला जाणारा एकच असतो, तेथील निष्कर्षांवर माझा विश्वास नाही. तरीही आज आरंभ करतो. या महिन्याच्या पंचवीस तारखेला सभागृहात जन्मनोंदींचे विधेयक मताला येणार आहे. त्या दिवशी मी काय केले याची नोंद कामकाजात होईल. का केले याची होणार नाही.

आजचा कायदा असा. मूल दत्तक दिले गेले की त्याच्या जन्माची मूळ नोंद मोहोरबंद होते. पुढे ती त्या मुलाला पाहता येत नाही आणि जिने जन्म दिला तिलाही नाही. नवे विधेयक ही मोहोर काढू पाहते. मूल सज्ञान झाल्यावर नोंद मागू शकेल. आईही मुलाची चौकशी करू शकेल, अर्थात त्याची तयारी असल्यास. माझा विरोध आहे, आणि त्याचे कारण एका वाक्यात मावते: राज्याने त्या स्त्रियांना गुप्ततेचा शब्द दिला होता, आणि शब्द ज्याला दिला त्याला विचारल्यावाचून मोडता येत नाही.

ही वही धाकटीच्या कपाटातून घेतली. धाकटी म्हणजे माझी बहीण. अडुसष्टाची झाली, तरी धाकटीच. माझी पत्नी गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षे, ती माझ्याकडे राहते. रस्त्याकडच्या खोलीत तिचे पुस्तकबांधणीचे काम चालते. कपाटाच्या खालच्या फळीवर, कापडाखाली, पांढऱ्या पुठ्ठ्याच्या कोऱ्या वह्यांची रांग आहे. नमुन्यादाखल केलेल्या असाव्यात. मधली एक उचलली. धाकटी बाहेरून आली आणि माझ्या टेबलापाशीच थबकली.

"ही कुठली घेतलीस?"

"खालच्या फळीवरची."

"लिहिलंस?"

"दीड पान."

तिने मागचा पुठ्ठा उघडून पाहिला. "मग राहू दे आता. फक्त पानं फाडू नकोस."

मागच्या पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलीने २७ लिहिले आहे. मालाचा क्रमांक असेल.

७ फेब्रुवारी

प्रतोद घरी आला. पक्षाच्या सदस्यांना मतदानाच्या वेळी गोळा करून आणणे हे त्याचे काम. एके काळी तो माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसत असे. अजूनही माझ्यासमोर खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावरच बसतो.

"सर, मधला मार्ग निघालाय."

"बोल."

"नकाराचं कलम. ज्या बाईला आपली नोंद उघडायला नको असेल, तिनं वर्षभरात कार्यालयात येऊन तसा अर्ज द्यायचा. अर्ज आला नाही तर नोंद खुली. त्यांचं विधेयक होतं, आपलं नाक राहतं."

"म्हणजे जिला ही गोष्ट कोणाला कळू द्यायची नाही, तिनं ती कळू नये म्हणून खिडकीसमोर रांगेत उभं राहून सांगायची."

तो हसला. "तुम्ही मांडलं की सगळंच वाईट दिसतं हो, सर."

"वाईट आहे म्हणून दिसतं."

"पेपर तपासतानाही असंच म्हणायचात." मग आवाज उतरवून म्हणाला, "वरच्यांना ही कटकट मिटवायची आहे. घराघरात भांडणं लागलीत या विषयावरून. कोणाला दुखवायचं नाही, एवढंच धोरण आहे."

कोणालाच न दुखवण्याचे धोरण म्हणजे ज्याचा आवाज येत नाही त्याला दुखवण्याचे धोरण. हे वाक्य उद्याच्या पक्षबैठकीसाठी राखून ठेवले आहे.

८ फेब्रुवारी

बैठकीत चाळीस मिनिटे बोललो. तडजोड फेटाळली गेली. पक्ष संपूर्ण विधेयकाला विरोध करणार. गणित तरीही त्यांच्या बाजूने आहे: बाजूने तीस, विरोधात एकोणतीस. समसमान झाले असते तर सभापतींचे मत परंपरेने चालू कायद्याच्या बाजूने पडते. एका मताने हरणार आहोत, पण अर्धे उघडे दार लावून घेतल्याचे समाधान आहे.

प्रतोद जाता जाता म्हणाला, "सर, तुमच्यामुळे मी आता ना इकडचा, ना तिकडचा." ही स्थिती विचार करायला सर्वांत चांगली, असे मी त्याला सांगितले. त्याला ते आवडलेले दिसले नाही.

११ फेब्रुवारी

माझे प्रत्येक भाषण आधी धाकटीला वाचून दाखवतो. ती शिवण घालत ऐकते आणि शेवटी "बरं" म्हणते. त्या एका शब्दाच्या सुरावरून मला भाषणाची लांबी कळते. आज मात्र तिने मध्येच हात थांबवला.

"म्हणजे 'नको' म्हणायला बाईनं खिडकीवर यावं, हे तुला पटत नाही."

"नाही."

"आणि जिला 'हो' म्हणायचं असेल तिनं कुठं जायचं? आत्ताच्या कायद्यात?"

"कुठंच नाही. तिनं तो हक्क सोडलेला असतो. लेखी."

"सही कोणाची?"

"तिची. सज्ञान नसेल तर पालकाची. त्या काळी एकवीस वर्षांची अट होती."

"म्हणजे एकोणीस वर्षांची असली तर बापाची."

"होय."

तिने दोरा दाताने तोडला. "मग शब्द दिला सरकारनं, घेतला बापानं. ती बाई कुठं आहे यात, दादा?"

पालक हा हितरक्षक असल्याने त्याची संमती ती तिचीच संमती, असे कायदा मानतो, तेच सांगितले. ती "बरं" म्हणाली, पण तो लांबीचा सूर नव्हता. एकोणीस हा आकडा तिने सहज घेतला असावा. उदाहरण द्यायचे तर संख्या निश्चित घ्यावी, हे लहानपणी मीच तिला शिकवले होते.

अशा प्रश्नांची तिला पूर्वीपासून ओढ. मी परदेशी शिकत होतो त्या वर्षी तिच्या छातीत दोष निघाला आणि वडिलांनी तिला आठ महिने दूरच्या आरोग्यभवनात ठेवले. बांधणी ती तेथेच शिकली. तेथून तिने मला पत्र लिहिले होते: "दादा, एकदा देऊन टाकलेली गोष्ट परत मागता येते का?" मी पाच पानी उत्तर पाठवले. देणगी, ठेव आणि उसनवारी यांतील भेद स्पष्ट केले आणि निष्कर्ष काढला की देणगी परत मागता येत नाही. मागणारा स्वतःलाच लहान करतो. ते पत्र तिला वाचून दाखवल्याचे आणि तिचे समाधान झाल्याचे वडिलांनी कळवले होते. चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी इतके स्वच्छ लिहिता येत होते, याचे आज मला नवल वाटते.

१६ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई पडल्या, खुब्याचे हाड मोडले. विरुद्ध बाजूच्या या सदस्य म्हणजे विधेयकाचा कणा. चाळीसहून अधिक वर्षे त्यांनी बाळंतपणे केली, मग सभागृहात आल्या. आमचे एकाही विषयावर कधी जुळले नाही आणि एकदाही आवाज चढला नाही.

रुग्णालयात भेटायला गेलो. पायाला वजन बांधलेले होते, आवाज मात्र सभागृहातलाच.

"आलात? मला वाटलं, आधी पत्र पाठवून हेतू कळवाल."

"हेतू प्रकृतीची चौकशी हाच आहे."

"प्रकृती तुमच्या युक्तिवादासारखी आहे. दिसायला ताठ, हलवायची सोय नाही." त्या हसल्या आणि हसताना कळ आली. "पंचवीसला मला येता येणार नाही. जोडी द्याल?"

आमच्या सभागृहातील हा जुना रिवाज. एका बाजूचा सदस्य आजारी पडला तर दुसऱ्या बाजूचा कोणी एक स्वखुशीने गैरहजर राहतो, म्हणजे आजारपणाने निकाल फिरत नाही. कागद नाही, सही नाही. उपाहारगृहात समोरासमोर बसून दोघांनी चहा घ्यायचा आणि रिकामे कप बशीत पालथे घालायचे. अकरा वर्षांपूर्वी माझी पत्नी अखेरच्या आजारात असताना यांनीच माझ्यासाठी कप पालथा घातला होता आणि स्वपक्षाच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

मी जोडी दिली नाही तर मते समसमान होतात आणि विधेयक पडते. हे त्यांनाही ठाऊक होते. त्यांनी ते उच्चारले नाही, मीही नाही. परिचारिकेने चहा आणून दिला. त्यांनी पलंगावरून हात लांबवून कप पालथा घातला, मीही घातला.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "एवढं आयांच्या वतीनं बोलता. एखादीला विचारलंत कधी?"

"विचारणार कसं? ती कोण हे कळलं की गुप्तता तिथंच संपली. तिचं मौन हाच पुरावा."

"मौन कशाकशाचा पुरावा असतो ते प्रसूतिगृहात येऊन बघायला हवं होतं तुम्ही." मग थांबून म्हणाल्या, "बहीण कशी आहे? अजून पुस्तकं बांधते?"

"बांधते. आपण तिला ओळखता?"

"गावात बांधणी करणारी बाई एकच आहे. कोण ओळखत नाही?" आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. थकल्या असाव्यात.

घरी हे धाकटीला सांगितले. "त्यांनी माझी चौकशी केली?" तिने दोनदा विचारले. नंतर एका वहीची पाने उलटी लावून बसली. असे तिच्या हातून होत नाही.

१८ फेब्रुवारी

प्रतोदाचा फोन. जोडीची बातमी त्याला लागली होती.

"सर, चाळीस मिनिटं बोलून तुम्हीच आम्हाला खिंडीत उभं केलंत आणि आता तुम्हीच घरी बसणार?"

"शब्द दिला आहे."

"मग तडजोड काय वाईट होती? तेव्हा तत्त्व आडवं आलं, आता शब्द आडवा आलाय. तुमच्यात सरळ काही जातंच नाही का?"

उद्धट होता, पण प्रश्न वैध होता. तत्त्वासाठी तडजोड नाकारणारा मनुष्य शिष्टाचारासाठी तत्त्व सोडू शकतो काय? माझे उत्तर: ज्या तत्त्वासाठी मी लढतो आहे ते शब्द पाळण्याचेच आहे. शब्द मोडून मी ते जिंकू शकत नाही.

२१ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई आज पहाटे गेल्या. फुफ्फुसात पाणी झाले.

धाकटीने बातमी ऐकली, उठली, कामाच्या खोलीचे दार लावून घेतले. दुपारी जेवायला आली तेव्हा म्हणाली, "मी जाणार आहे अंत्यदर्शनाला. तू येऊ नकोस." का, ते सांगितले नाही. बाईंची आणि माझी ओळख जास्त होती, असे मला वाटत होते.

२२ फेब्रुवारी

आजचा दिवस क्रमाने लिहितो. नाहीतर लिहिणे जमणार नाही.

सकाळी एक टिपण तयार केले. प्रश्न असा: जोडीतील एक सदस्य मृत झाल्यास दुसऱ्यावर बंधन राहते काय? जोडीचा हेतू आजारपणाने निकाल फिरू न देणे हा आहे. मृत सदस्याला मतच नसते. मग तोलायचे काय? शिवाय शब्द म्हणजे दोन व्यक्तींमधले नाते. एक टोक नाहीसे झाले की नाते उरत नाही. उरते ती केवळ सवय. म्हणून बंधन संपले. युक्तिवाद चारदा तपासला. त्यात भगदाड नव्हते. बाजूने एकोणतीस, विरोधात माझ्यासह एकोणतीस, सभापतींचे मत चालू कायद्याला. विधेयक पडेल. टिपणाची एक प्रत प्रतोदासाठी काढली. तो धावतच येऊन घेऊन गेला आणि माझ्या पाया पडला.

दुपारी ते धाकटीला वाचून दाखवले. ती एका जाड पुस्तकाच्या पाठीला सरस लावत होती.

"शेवटचं परत वाच."

मी वाचले.

"म्हणजे मेलेल्या माणसाला दिलेला शब्द संपतो."

"होय."

"खात्री आहे तुझी?"

"चूक असेल तर दाखव."

"मला कुठं येतंय दाखवायला." तिने कुंचला फडक्याला पुसला. सावकाश पुसला. "बाबा जाऊन एकतीस वर्षं झाली. त्यांना दिलेला शब्द मी अजून पाळतेय."

"कोणता?"

"तुला सांगायचं नाही, हाच."

नंतर तिने जे सांगितले ते मी थोडक्यात लिहितो. तिच्या छातीत कधीच दोष नव्हता. ती एकोणीस वर्षांची होती. आरोग्यभवन म्हणजे अशा मुलींना ठेवण्याची जागा होती. तेथे त्यांना बांधणी शिकवत. बारा नोव्हेंबरला मूल झाले. बाळंतपण एका तरुण डॉक्टरणीने केले आणि अकरा दिवस, नियम मोडून, मूल तिच्या कुशीत राहू दिले. बाराव्या दिवशी वडील आले आणि त्यांनी सही केली. तिने मला विचारायचे ठरवले, पत्र लिहिले. उत्तर पाच पानी आले. वडिलांनी ते तिला मोठ्याने वाचून दाखवले.

मी म्हणालो, "मला माहीत नव्हतं."

"तू विचारलं नाहीस. मी विचारलेलं होतं."

मग माझ्या तोंडून जो प्रश्न निघाला तो मूर्खपणाचा होता, पण नोंदवतो. मी खालच्या फळीविषयी विचारले.

"दर बारा नोव्हेंबरला एक. वाढदिवसाला दुसरं काय देणार? एकोणपन्नास झाल्यात." ती किंचित हसली. "तू सत्ताविसावं वर्ष उचललंस."

मी आता जिच्यात लिहितो आहे ती ही.

मग ती म्हणाली, "त्या डॉक्टरणीनं एवढी वर्षं तोंड उघडलं नाही. बाजारात भेटायची, तुझी चौकशी करायची, नि पुढं जायची. तिनं मरताना तुझ्याकडं एक गोष्ट मागितली, दादा. ती तेवढी पाळ."

"पण मेलेल्याला दिलेला शब्द बांधतो असं धरलं, तर तूही बांधलेली आहेस. आत्ता तू जे बोललीस ते बोलायला नको होतं. आणि बांधत नाही असं धरलं, तर मी पंचवीसला जायला मोकळा आहे. दोन्ही एकदम नाही मागता येत."

"मला दोन्ही हवंय. तुझा टिकायला हवा, माझा सुटायला हवा."

"हे विसंगत आहे."

"असू दे की! मी काय सभागृहात बोलतेय? पन्नास वर्षं सुसंगत राहिले. झालं की आता."

सरस तोवर वाळला होता. तिने तो खरवडून काढला आणि पुन्हा लावायला घेतला.

२३ फेब्रुवारी

टिपण पुन्हा वाचले. युक्तिवाद बरोबर आहे.

ते पाच पानी पत्रही बरोबर होते.

२४ फेब्रुवारी

प्रतोदाचा फोन: उद्या दहाला गाडी पाठवू की साडेनऊला?

"येणार नाही."

"म्हणजे? तब्येत?"

"जोडी आहे."

"सर, जोडी संपली! तुम्हीच लिहून दिलंत. मी तुमचं टिपण अख्ख्या पक्षाला वाटलंय. त्यात चूक आहे म्हणता?"

"नाही. बरोबर आहे."

"मग?"

"बरोबर असूनही येणार नाही."

"हे मी पेपरात लिहिलं असतं तर तुम्ही शून्य दिलं असतंत."

"आत्ताही दिलंच आहे. मला."

"लोक विचारतील, काय सांगू? दबाव आला? विकले गेले? काहीतरी कारण द्या हो. मी तुमच्यासाठी भांडेन, पण हातात काही असू दे."

त्याच्या आवाजात राग कमी आणि काळजी जास्त होती. एवढ्या वर्षांत मला त्याच्याविषयी माया वाटली ती आज. पण कारण जे आहे ते माझे नाही. ज्यांचे आहे त्यांना विचारल्यावाचून मी ते देऊ शकत नाही. एवढे तरी शिकलो. म्हणून "सवय म्हणून सांग" एवढेच म्हणालो.

त्या दोन शब्दांमध्ये, म्हणजे डॉक्टरीणबाईंना दिलेल्या आणि वडिलांना दिलेल्या, काही भेद आहे काय? एक मागून घेतलेला, दुसरा लादलेला. एक कोणाच्या तरी भल्यासाठी, दुसरा घराच्या तोंडदेखल्या अब्रूसाठी. शोधला असता तर भेद सापडला असता आणि माझी सुसंगतीही वाचली असती. मी शोधला नाही. पन्नास वर्षे मी अशाच शोधांत फार प्रवीण होतो.

२५ फेब्रुवारी

घरी होतो. अकराला मतदान. पावणेअकराला धाकटीने चहा आणून दिला. पिऊन झाल्यावर कप बशीत पालथा घातला.

"अरे, उरलेला चहा सांडला सगळा टेबलावर. लहान आहेस का?"

"रिवाज आहे."

"रिवाज असू दे, फडकं घे."

मी फडके घेतले. पुसत असताना तिने आपलाही कप संपवला, बशीत पालथा घातला आणि आपल्या खोलीत गेली.

साडेबाराला प्रतोदाने निरोप पाठवला: एकोणतीस विरुद्ध अठ्ठावीस. विधेयक संमत. खाली एक ओळ होती: "नकाराचं कलम त्यांनी स्वतःहून ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी जाण्याआधी लिहून दिलं होतं, तुमचा आक्षेप ऐकून. खिडकी नाही. घरी येणारा बंद लिफाफा, वाटेल त्या टपालपेटीतून परत टाकायचा."

हे मला कधीच सुचले नव्हते. मी दार बंद करण्याचे सर्व मार्ग तपासले. लिफाफ्याचा विचार केला नाही.

माझे मत बदलले काय? प्रामाणिकपणे लिहितो. कोठेतरी एखादी स्त्री तो लिफाफा दुसऱ्या कोणाच्या हाती पडेल म्हणून आज घाबरली असेल. तिच्याविषयी मी जे बोललो ते अजूनही खरे आहे, आणि आज मी तिला एकटे सोडले. दोन स्त्रियांपैकी एकीची बाजू घेण्याचे कारण ती माझ्या घरात राहते, यापलीकडे मला सिद्ध करता येत नाही. पक्षाने राजीनामा मागितला; सायंकाळी पाठवून दिला.

९ नोव्हेंबर

बराच खंड पडला. लिहिण्यासारखे काही माझ्या बाजूने घडले नाही. धाकटीने कायदा लागू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात अर्ज भरला. कार्यालयाबाहेर मी बाकावर बसलो होतो. आत तिने एकटीने जायचे ठरवले होते. बाहेर आली आणि म्हणाली, "त्या बाबूनं विचारलं, सोबत कोणी आहे का. म्हटलं, भाऊ आहे, पण तो वाद घालतो."

काल उत्तर आले. पत्र लहान आहे, अक्षर घाईचे आणि ठाम. भेटायची तयारी आहे. बारा तारीख चालेल का, असे विचारले आहे.

धाकटी सकाळपासून वह्या पुसते आहे. पन्नासावी काल रात्री दाबाखालून निघाली. खोक्यात क्रमाने लावताना सत्ताविसाव्या जागी बोट घालून ती माझ्याकडे पाहत राहिली.

"तिच्यात मी लिहिलं आहे," मी म्हणालो. "दुसरी बांध. क्रमांक घाल."

"सत्ताविसावं वर्ष आज कसं बांधू?"

"मग निदान ती पानं काढून टाकतो. त्या पत्राविषयी लिहिलेली. त्यात माझी..."

"फाडू नकोस म्हणाले होते." तिने हात पुढे केला. "जशी आहे तशी दे. घरातल्यांची ओळख व्हायला नको का?"

तेव्हा हे शेवटचे टिपण, आणि ते माझ्यासाठी नाही. ही वही ज्यांच्या हाती जाईल त्यांना: आपला जन्म झाला त्या काळात आपल्या आईने मला एक प्रश्न विचारला होता. त्याचे मी दिलेले उत्तर निर्दोष होते आणि चुकीचे होते. हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते, असे माझ्या विषयात शिकवत नाहीत. आपण कोण, काय करता, आपल्याला कसे संबोधावे, यांतले मला काही ठाऊक नाही. या वेळी मी तर्क करणार नाही, विचारीन.

वहीची पुढची पाने कोरी आहेत. ती सगळीच आपली होती. मागची मी न विचारता वापरली.